जुन्या धाटणीची मॉडेल रेल्वे: रूळ आणि सांधे निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, परभणी, नांदेड, जालना, बीड इथून मॉडेल रेल्वेबद्दल निरोप येतात आणि त्यात तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका रुळाचे जिथे दोन फाटे होतात, ज्याला दुकानदार ‘पॉइंट’, ‘स्विच’ किंवा ‘टर्नआउट’ म्हणतात, त्याला मी सरळ ‘सांधा’ म्हणतो. आपल्याकडे रेल्वेच्या माणसांचा तोच शब्द आहे, आणि तो हलवणारा तो सांधेवाला.

१. काका, नवीनच सुरुवात करतोय. आधी इंजिन घेऊ की रूळ?

आधी सांधे ठरवा. सगळे इंजिनाच्या मोहात पडतात आणि मग त्या इंजिनाला चालेल असा रूळ शोधत बसतात. सरळ रूळ आणि वळणं पुढे कधीही बदलता येतात. सांधा बदलायचा म्हटलं तर त्याच्याबरोबर शेजारच्या दोन मार्गांमधलं अंतर, वळणाचा कोन, खालची तार, फळीतलं भोक असं सगळंच बदलावं लागतं. शिवाय काही गेजमध्ये, म्हणजे रुळाच्या काही मापांत, रूळ भरपूर मिळतो आणि सांधे मात्र दोनच प्रकारचे असतात. म्हणून ‘मला हवे ते सांधे या रुळात मिळतात का?’ हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर तो रूळ कितीही देखणा असला तरी सोडून द्या.

२. ‘जुन्या धाटणीचं’ म्हणजे नक्की काय? दुकानदाराला काय सांगायचं?

यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे जुनं खेळणं: 1920 ते 1950 च्या काळातल्या पत्र्याच्या गाड्या, पोकळ नळीसारखे पत्र्याचे रूळ, मोजक्या रुंद स्लीपर (रुळाखालच्या आडव्या पट्ट्या). दुसरी म्हणजे जुनी रेल्वे: वाफेचं इंजिन, लाकडी स्लीपर, बारीक रूळ, मुरमाचा फलाट, सगळं प्रमाणात आणि खऱ्यासारखं. पहिल्यात खेळण्याचं वय दिसलं पाहिजे, दुसऱ्यात गावाचं. या दोन्हींचे रूळ, चाकं आणि वीजही वेगळी, त्यामुळे एकाच फळीवर त्या एका रुळावर नांदत नाहीत. पहिला मार्ग घेणार असाल तर प्रश्न ६ आणि ७, दुसरा घेणार असाल तर ४ आणि ५ नीट वाचा.

३. स्केल आणि गेज एकच ना?

नाही. स्केल म्हणजे खऱ्याच्या किती पट लहान, गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. एचओ म्हणजे 1:87, रूळ 16.5 मि.मी. ब्रिटिश ओओ म्हणजे 1:76, पण रूळ तोच, 16.5. एन म्हणजे 9 मि.मी., ओ म्हणजे 32 मि.मी. म्हणून खोक्यावर ‘16.5’ दिसलं की गाडी चालेल हे कळतं, पण शेजारच्या घराशी आणि माणसाशी तिचं माप जुळेल की नाही हे कळत नाही.

४. मला बार्शी लाइट किंवा निजामाच्या काळातली मीटर गेज करायची आहे. कोणता रूळ घेऊ?

हा प्रश्न आला की मला मनापासून आनंद होतो. लहानपणी आजोळी बार्शीला जाताना मी त्या छोट्या गाडीत बसलो आहे.

बार्शी लाइट रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभी केली. 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, 1911 मध्ये लातूरला पोचली आणि 2008 पर्यंत हा सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. तिचं गेज अडीच फूट, म्हणजे 762 मि.मी. त्याला 87 ने भागलं की 8.8 येतात. म्हणजे 1:87 मध्ये 9 मि.मी.चा रूळ चपखल बसतो. पण एन गेजचा साधा रूळ आणू नका. गेज तेच असलं तरी त्याच्या स्लीपर बारीक आणि दाट असतात, त्यामुळे ती दुरून दिसणारी ब्रॉडगेज वाटते. ‘ओओ-9’ किंवा ‘एचओई’ नावाने मिळणारा नॅरोगेजचा रूळ घ्या. त्याच्या स्लीपर लांब, विरळ आणि थोड्या वेड्यावाकड्या असतात. पेको या ब्रिटिश कंपनीच्या या मालिकेत डावा आणि उजवा सांधा मिळतो. फार प्रकार नाहीत, पण बार्शी लाइटच्या स्टेशनाला याहून जास्त लागतही नाही.

जागा असेल तर दुसरा एक मार्ग मला याहून आवडतो. 762 ला 48 ने भागा: 15.9. म्हणजे 1:48 या मोठ्या स्केलमध्ये अडीच फुटी गाडी 16.5 मि.मी.च्या रुळावर चालते. याला ‘ओएन-30’ म्हणतात. यंत्र आणि चाकं एचओची, डबा मात्र चांगलाच मोठा. चष्मा लागलेल्या माणसांनी याचा जरूर विचार करावा.

मनमाड, छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी या बाजूची जुनी मीटर गेज 1:87 मध्ये 11.5 मि.मी. येते, म्हणजे 12 मि.मी.चा ‘एचओएम’ रूळ. तो स्वित्झर्लंडच्या मीटर गेज गाड्यांसाठी बनतो, महाग पडतो आणि सांधे मागवावे लागतात.

ब्रॉडगेजचं गणित मात्र जुळत नाही. 1676 ला 87 ने भागलं की 19.3 येतात आणि आपला रूळ 16.5 चा. जवळजवळ तीन मि.मी.ची ही तूट सगळे पोटात घालतात. तुम्हीही घाला.

५. कोड 100, कोड 83, कोड 75 हे काय आहे? जुन्या रुळासाठी कोणता?

कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड 100 म्हणजे 2.54 मि.मी., कोड 75 म्हणजे 1.9 मि.मी.

आता खऱ्या रुळाशी ताडून पाहा. कोड 100 ला 87 ने गुणलं तर 221 मि.मी. येतात. आज मुख्य मार्गांवर दिसणारा साठ किलोचा भक्कम रूळसुद्धा 172 मि.मी. उंच असतो. म्हणजे कोड 100 हा आजच्या राजधानीलाही मोठा झाला. कोड 75 चे 166 मि.मी. होतात, आजच्या रुळाच्या जवळ. जुन्या काळात 60 पौंडी रूळ 114 आणि 90 पौंडी 143 मि.मी. उंच असायचा. 1:87 मध्ये त्यासाठी कोड 52 ते 65 लागतो.

म्हणजे ‘जुन्या धाटणीचं’ म्हणून दुकानात दाखवतात तो जाड रूळ जुन्या रेल्वेचा नसतो, जुन्या खेळण्याचा असतो. जुनी लाइन डोळ्यांना पटते ती बारीक रुळाने. तरीही सुरुवात करणाऱ्याला मी कोड 100 सांगतो, कारण तो दणकट असतो आणि जुनी चाकं त्यावर चालतात (प्रश्न ७). त्याची उंची लपवण्याचा साधा उपाय म्हणजे रुळाच्या बाजूला गंजाचा तपकिरी रंग द्यायचा आणि वरची चकाकती पट्टी तेवढी पुसून घ्यायची. उंची निम्मी वाटते. जुन्या फोटोतल्यासारखं यार्ड हवंच असेल तर कोड 75 किंवा 55, पण मग सगळी चाकं आधी तपासा.

६. पत्र्याच्या जुन्या गाड्यांसाठी तीन रुळी पटरी घ्यावी का?

गाडी तीन रुळी असेल तर दुसरा मार्गच नाही. लायोनेल या अमेरिकन कंपनीच्या ओ गेज गाड्या मधल्या रुळातून वीज घेतात आणि बाहेरच्या दोन रुळांतून परत पाठवतात. वीज एसी असते. त्यांच्या नळीच्या रुळात दोन जाती आहेत: ‘ओ’ उंच आणि ‘ओ-27’ बुटका. ‘ओ-27’चे 27 आणि ‘ओ’चे 31 हे पूर्ण वर्तुळाच्या व्यासाचे इंच आहेत, म्हणजे 69 आणि 79 सें.मी. उंची वेगळी असल्यामुळे एका जातीचा सांधा दुसऱ्या जातीच्या रुळाला लावला की पायरी पडते. दोन्हींपैकी एकच जात घ्या.

लायोनेलच्या जुन्या 022 क्रमांकाच्या सांध्याची एक खुबी सांगण्यासारखी आहे. गाडी चुकीच्या फाट्यावरून आली तर चाकंच विजेचं मंडल पूर्ण करतात आणि सांधा आपोआप गाडीच्या बाजूने वळतो. घसरण टळते. मात्र प्लॅस्टिकच्या चाकांना हे जमत नाही, मंडल पूर्ण व्हायला धातू लागतो. हॉर्नबी डब्लो या ब्रिटिश गाड्यांची 1938 पासूनची जुनी पटरीही तीन रुळी आहे, पण गेज 16.5 आणि वीज डीसी. ‘तीन रुळी’ हे नाव सारखं असलं तरी लायोनेलशी तिचा काही संबंध नाही.

७. वडिलांच्या पेटीत जुनं इंजिन सापडलं. नव्या रुळावर चालेल का?

तीन गोष्टी पाहा. चाकाची कड: जुन्या चाकांची कड खोल असते. कोड 75 वर ती रूळ धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या कळ्यांवर आपटते आणि गाडी शिलाई मशीनसारखी टकटक वाजते. कोड 100 वर सहसा निभावतं. दुसरं, दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर. आजच्या 16.5 च्या सांध्यांना साधारण 14.4 ते 14.5 मि.मी. लागतं. जुन्या चाकांत ते कमी असतं, म्हणून सरळ रुळावर शहाण्यासारखी चालणारी गाडी सांध्यात शिरली की चढते. व्हर्निअर कॅलिपरने मोजा. तिसरं, चाकं एका बाजूने तरी धुरीपासून इन्सुलेट आहेत का? नसतील, तर दोन रुळी पटरीवर ठेवल्याक्षणी शॉर्ट. मार्कलिन या जर्मन कंपनीच्या जुन्या गाड्या याच कारणाने फक्त मधला रूळ किंवा मधले खिळे असलेल्या पटरीवर चालतात.

आणि वडिलांचं इंजिन असेल तर त्याची चाकं बदलू नका. त्याच्यासाठी चार हात जुना रूळ वेगळा ठेवा.

८. माझ्याकडे आठ बाय चार फुटांचा एक प्लाय आहे. किती वळण बसेल?

फळी 1220 मि.मी. रुंद. ठरावीक तुकड्यांच्या सेटट्रॅकची वळणं अशी: पहिलं 371, दुसरं 438, तिसरं 505, चौथं 571.5 मि.मी. त्रिज्या. चौथं कसंबसं बसतं, पण कडेला दोन सें.मी.च उरतात. गाडी पडली तर थेट फरशीवर. मी दुसरं आणि तिसरं सुचवतो. वळणाची त्रिज्या सगळ्यात लांब डब्याच्या निदान तिप्पट असावी. जुन्या गाड्यांचं भाग्य हे की त्यांचे चारचाकी डबे आखूड असतात, 1:87 मध्ये दहाएक सें.मी. आजचे लांब डबे जिथे केविलवाणे दिसतात तिथे ते रुबाबात वळतात.

९. डावा सांधा, उजवा सांधा, वाय, स्लिप... गोंधळ होतो. ओळखायचं कसं?

जिभेच्या, म्हणजे सांध्यात सरकणाऱ्या निमुळत्या रुळाच्या, टोकाकडे उभे राहा, जिथून एका रुळाचे दोन होतात. फाटा डावीकडे गेला तर डावा, उजवीकडे गेला तर उजवा, दोन्हीकडे सारखा फुटला तर वाय. डबल स्लिप म्हणजे फुलीतच बसवलेले सांधे. जागा वाचते, पण तारा आणि दुरुस्ती चौपट. छोट्या जुन्या स्टेशनाला तिची गरज नाही.

१०. सेटट्रॅकचा सांधा घेऊ की लांब सांधा?

सेटट्रॅकचा सांधा 168 मि.मी. लांब, 438 त्रिज्येचा, 22.5 अंशात फुटणारा. पेकोच्या स्ट्रीमलाइन मालिकेतला लहान सांधा 185 मि.मी., मधला 219, मोठा 258, आणि तिघांचाही कोन 12 अंश. या एकाच कोनामुळे ते एकमेकांशी कुठेही जुळतात. शेजारच्या दोन मार्गांमधलं अंतर सेटट्रॅकमध्ये 67 मि.मी. येतं, स्ट्रीमलाइनमध्ये सुमारे 51.

आपल्या रेल्वेत सांधा ‘साडेआठास एक’ किंवा ‘बारास एक’ असा मोजतात. 12 अंश म्हणजे साधारण ‘पावणेपाचास एक’. खऱ्यापेक्षा कितीतरी तीव्र. म्हणून दर्शनी भागात मधला सांधा, मागे मालधक्क्यावर लहान. फरक फक्त 34 मि.मी.चा, पण डबा फाट्यावर वळतानाचा डौल पाहिलात तर ती जागा दिल्याचं दुःख होणार नाही.

११. जिवंत फ्रॉग आणि मृत फ्रॉग यात काय घ्यावं?

फ्रॉग म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात ती टोकदार जागा. तो प्लॅस्टिकचा असेल तर मृत, तिथे वीज नाही. धातूचा असेल तर जिवंत, पण सांधा ज्या बाजूला वळेल त्याप्रमाणे त्याला विजेची बाजू बदलून द्यावी लागते.

जुन्या धाटणीची मांडणी करणाऱ्याने जिवंतच घ्यावा, आणि याबाबतीत माझं मत पक्कं आहे. आपली इंजिनं छोटी असतात. चार चाकांचं शंटिंग इंजिन हळू जाताना त्याचं एक चाक मृत फ्रॉगवर आलं आणि दुसऱ्याखाली धुळीचा कण असला, की ते जागच्या जागी उभं राहतं. मग बोटाने ढकलायचं. स्टेशनात हलकेच शिरणारी गाडी हेच तर या छंदाचं सुख आहे, आणि बोट मध्ये आलं की ते गेलं.

१२. सांधा हाताने बदलावा की मोटरने?

हात पोचतो तिथे हाताने. माझ्या सहाही सांध्यांना सायकलच्या स्पोकचे दांडे आहेत. सायकलच्या दुकानातून जुने स्पोक आणले, फळीखालून एका साध्या स्लाइड स्विचच्या दांडीला अडकवले आणि कडेला लाकडी मण्याची मूठ लावली. मूठ ओढली की जीभ सरकते आणि त्याच झटक्यात स्विच फ्रॉगची वीज बदलतो, म्हणजे प्रश्न ११ मधली अडचण तिथेच सुटते. नातवंडं आली की सांधेवाला कोण यावर भांडण होतं.

मोटर हवी असेल तर दोन प्रकार. झटक्याची, म्हणजे सोलेनॉइड: स्वस्त आणि दणकट, पण बटण दाबलेलं राहिलं तर कॉइल जळते. तिच्यामागे ‘सीडीयू’ नावाचं कपॅसिटरचं सर्किट लावाच. संथ मोटर: खऱ्या सांध्यासारखी हळू सरकते, महाग. संथ मोटर लावताना पेकोच्या सांध्यातली छोटी स्प्रिंग काढावी लागते, नाहीतर दोघांची ओढाताण होते.

१३. गाडी गोल फिरवून त्याच रुळावर परत आणली की शॉर्ट होतो. सांधा खराब आहे का?

सांधा चांगला आहे. दोन रुळी पटरीत गाडी वळसा घालून परत आली की उजवा रूळ डाव्याला येऊन भिडतो. त्रिकोण केला तरी तेच. वळशाचा एक तुकडा दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांवर प्लॅस्टिकच्या जोडांनी वेगळा करा. तो पूर्ण गाडीपेक्षा लांब हवा. त्याला वेगळा उलटसुलट स्विच द्या. तीन रुळी पटरीत ही अडचणच येत नाही, कारण बाहेरचे दोन्ही रूळ एकच असतात.

१४. जुने वापरलेले सांधे स्वस्तात मिळतायत. घेऊ का?

रूळ घ्या, सांधे हातात घेऊन पाहिल्याशिवाय घेऊ नका. मी एकदा फोटो पाहून आठ सांधे मागवले. दिसायला चकचकीत होते. पाच जणांच्या जिभा मुळाशी सैल निघाल्या, एकाचा फ्रॉग कुणीतरी सोल्डरिंगच्या उष्णतेने वितळवलेला होता. विकणाऱ्याने परत घेतले नाहीत. तेव्हापासून मी आधी तीन गोष्टी करतो: जीभ दोन्हीकडे घट्ट टेकते का ते उजेडासमोर धरून पाहतो, एक सुटा डबा सगळ्या दिशांनी ढकलतो आणि मल्टिमीटरने जिभेत वीज येते का ते तपासतो. पितळी आणि लोखंडी रुळाचे जुने सांधे टाळा. पितळ काळवंडतं, लोखंड गंजतं. निकेल सिल्व्हर घ्या. पत्र्याच्या नळीच्या रुळाला मात्र लोखंडाशिवाय इलाज नाही, म्हणून तो पावसाळ्यात फळीवर न ठेवता कोरड्या डब्यात ठेवा.

१५. आमच्याकडे उन्हाळ्यात 42 अंश असतं. रूळ वाकतात का?

वाकतात. मी वरच्या पत्र्याच्या खोलीत जानेवारीत रूळ टाकला, सगळे जोड घट्ट मिळवून. मे महिन्यात एका दुपारी दार उघडलं तर यार्डाच्या तोंडाशी रूळ फळी सोडून वर उचलला होता आणि पहिल्या सांध्याची जीभ उघडी पडली होती.

एक मीटर रूळ 30 अंशांच्या फरकाने जेमतेम अर्धा मि.मी. वाढतो, पण चार मीटर सलग सोल्डर केलेत तर दोन मि.मी. होतात आणि ते कुठेतरी बाहेर पडणारच. थंडीत काम करत असाल तर प्रत्येक मीटरला एका जोडात जाड लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याएवढी फट ठेवा आणि तो जोड सोल्डर न करता तारेने वीज द्या. भर मे महिन्यात टाकत असाल तर फट नको. सांधा कधीही दोन्ही बाजूंनी सोल्डर करू नका. प्लायला खालून-वरून रंग द्या, कारण पावसाळ्यातली ओल लाकडाला रुळापेक्षा जास्त हलवते.

१६. खडी विकतच घ्यायला हवी का?

नको, पण जपून. खडीचा खरा दगड 50 मि.मी. धरला तर 1:87 मध्ये दाणा 0.6 मि.मी.चा येतो. क्रशरवरची काळ्या दगडाची कच चहाच्या गाळणीतून काढली आणि मग मैद्याच्या चाळणीने चाळली की चाळणीत वर उरतो तो साधारण हा दाणा. मात्र आपला काळा दगड बेसॉल्ट आहे आणि त्यात चुंबकाला चिकटणारे कण असतात. कागदावर कच पसरा, स्पीकरचं चुंबक पिशवीत गुंडाळून वरून फिरवा. पिशवीला काळी लव चिकटलेली दिसेल. हीच लव इंजिनाच्या मोटरमध्ये जाते आणि तिला मारते. सात-आठ वेळा फिरवून ती पूर्ण निघत नसेल तर ती कच फक्त रस्त्यासाठी वापरा. नॅरोगेजला तर चाळलेला पिवळट मुरूमच शोभतो. जिभेच्या आसपास डिंक किंवा खडी अजिबात नको.

१७. रूळ पुसायचा कशाने?

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं. पॉलिश पेपर नको, त्याच्या चऱ्यांत धूळ जास्त बसते. ज्वारीच्या खळ्याच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा.

१८. सगळं नीट आहे, तरी एकाच सांध्यावर एकच डबा उतरतो. का?

दोष डब्याचा की सांध्याचा, हे आधी वेगळं करा. तोच डबा दुसऱ्या सांध्यावरून न्या. तिथेही उतरला तर चाकांमधलं अंतर मोजा (प्रश्न ७). फक्त इथेच उतरत असेल तर स्टीलची पट्टी सांध्यावर आडवी-उभी ठेवून पाहा. खालून उजेड दिसला म्हणजे फळीला फुगवटा आहे. तोही नसेल तर जिभेचं टोक नखाने चाचपा. माझ्या एका सांध्यात, तीन संध्याकाळ शोधल्यावर, जीभ आणि रुळाच्या मध्ये खडीचा एकच दाणा निघाला. दाताच्या काडीने काढला आणि डबा निघून गेला.